हट्ट्याकडच्या बाईचं नाव

धुरपताबाई, तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. तुमच्या पुण्यानुमोदनाला मी आलो होतो, पण अगदी मागं बसलो. तुमच्या मिलिंदनं पुढं बोलावलं, सर, चार शब्द बोला म्हणाला. घसा बसलाय म्हणून सांगितलं. माझा घसा कधी बसत नाही हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. आयटीआयमध्ये तीस वर्षं फिटरच्या पोरांना शिकवलं, तेही मशीन चालू असताना, त्यामुळं घरातसुद्धा मी ओरडूनच बोलतो असं आमची ही म्हणते. पण त्या दिवशी उभा राहिलो असतो तर एकच गोष्ट बोलावी लागली असती, आणि ती चारचौघांत बोलायची माझी छाती झाली नाही.

गोष्ट एका नावाची आहे. हट्टा गावाकडून आलेली एक तरुण बाई तुमच्याबरोबर जिनिंगमध्ये कामाला होती आणि कयाधू नदीत बुडून मेली. तिचं नाव तुम्ही मला सांगितलं होतं, एकदाच, माझ्या तोंडाकडं बघून. ते माझ्याजवळ नाही. कुठं तरी लिहून ठेवलंय आणि सापडत नाही, असंही नाही. मी ते लिहिलंच नव्हतं. हे तुम्हाला तुम्ही असताना सांगायचं होतं, आता वरातीमागून घोडं आणतो आहे.

आपली ओळख झाली ती एका बिघडलेल्या रेच्यामुळं. कपाशीतून सरकी वेगळी काढणारं ते यंत्र मी पडक्या जिनिंगच्या शेडमधून काढून जब्बारभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात आणलं होतं. जब्बारभाईंचे वडील त्याच जिनिंगच्या बॉयलरवर फायरमन होते, म्हणून त्यांना या कामात माझ्याइतकीच हौस. आम्ही दोघांनी मिळून डोक्यात घेतलं होतं की आपलं गाव कापसावर, वाफेवर आणि या नदीच्या पाण्यावर उभं राहिलं, हे आताच्या लेकरांना दाखवायचं. जिनिंगच्या मैदानात एक दिवसाचा उत्सव करायचा, जुनी यंत्रं, फोटो, नदीपर्यंत फेरी, आणि मधोमध चालू असलेला रेचा. आता तो रेचा काही चालेना. बेअरिंग बदलली, मोटर बसवली, सगळं लेव्हलमध्ये घेतलं. रूळ फिरायचा आणि कपास त्याच्यावर नुसती नाचायची, आत काही जायची नाही.

चार दिवस मी त्याच्याशी झटत होतो. माझा जुना विद्यार्थी म्हणून मिलिंद एसटीच्या वर्कशॉपमधून सुटला की बघायला यायचा. तो म्हणाला, सर, आईला आणू का, ती ह्याच्यापुढं अकरा वर्षं उभी होती. मी बरं म्हणालो, पण मनातून हसलो, हे आता सांगून टाकतो. तुम्ही आलात, मोंढ्यात हळद निवडून तशाच, हात मनगटापर्यंत पिवळे. मोटर बंद करायला लावली आणि रूळावरून तळहात फिरवला.

“मास्तर, ह्यो गुळगुळीत झाला. गुळगुळीत रूळ कपास धरत न्हाई. चामड्याला खाचा पाडा. अन् हे पातं जरा मागं घ्या, लई दाबून राहिलं.”

दुसऱ्या दिवशी खाचा पाडल्या, पातं सुतभर मागं घेतलं, आणि पलीकडून रुई उतरायला लागली. मग तुम्ही पुढं उभ्या राहिलात आणि तुमचे दोन्ही हात आपोआप चालायला लागले. ओंजळ घ्यायची, पसरायची, पुढं सरकवायची, तेवढ्यात दुसरा हात तयार. तुम्ही त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हतात, सुनेशी कारल्याच्या भाजीबद्दल बोलत होतात. मी तीस वर्षं पोरांना हात कसा चालवायचा ते शिकवत होतो आणि चालणारा हात त्या दिवशी पाहिला. तसं तुम्हाला कधी म्हणालो नाही. उत्सवात त्या रेच्यापुढं फलक लावला, त्याच्यावर ‘यंत्र पुन्हा चालू केले’ म्हणून माझं नाव होतं आणि जब्बारभाईंचं. तुम्ही तो अक्षर अक्षर लावून वाचलात आणि चांगला झालाय म्हणालात.

आता दिव्याचं. उत्सवाचा शेवट कशानं करावा यावर आमची समिती आठ दिवस भांडत होती. कुणाला ऑर्केस्ट्रा पाहिजे होता, कुणाला फटाके. तेव्हा जब्बारभाईंना आठवलं की ते लहान असताना, हंगामाच्या पहिल्या दिवशी, जिनिंगच्या बाया नव्या रुईची वात करून नदीवर दिवा लावायच्या. “मैंने खुद देखा मास्तर, अब्बा के साथ,” म्हणाले. कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं. मला तर हाताला सोनं लागल्यासारखं झालं. गिरणीची पहिली रुई आणि नदीला दिवा! मी पत्रिकेत छापून टाकलं की आपल्या कामगार भगिनी पहिल्या रुईच्या वातीनं जीवनदायिनी कयाधूची पूजा करीत, ती प्रथा आपण पुन्हा सुरू करीत आहोत. पूजा हा शब्द माझा. जीवनदायिनीही माझाच. कुणाला विचारलं नाही. तुम्हीच घरापासून चार गल्ल्यांवर होतात, पण तेव्हा मी तुम्हाला फक्त रेच्याबद्दल विचारायचं असं धरून चाललो होतो.

पहिल्या वर्षीची सकाळची फेरी तुम्हाला आठवत असेल. नऊवारी नवी, डोक्यावर पदर, पायात मिलिंदच्या मुलीचे कॅनव्हासचे बूट. शंभरेक माणसं होती. जिनिंगच्या मागून आपण नदीत उतरलो आणि मी त्या झिऱ्यापाशी थांबलो. बॉयलरला पाणी मिळावं म्हणून जिनिंगवाल्यांनी नदीच्या पात्रात खोदलेला तो चौकोनी झिरा, आतून घडीव दगडानं बांधलेला. आता गाळानं भरलाय, वरचे दोन थर तेवढे दिसतात. मी त्याच्यावर पंधरा मिनिटं बोललो. दगडाचे सांधे बघा म्हणालो, चुना न वापरता कसे बसवलेत बघा, नदी आटली तरी पाणी आटू नये म्हणून केलेली ही युक्ती बघा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फुगलो होतो.

लोक पुढं गेले आणि तुम्ही माझी बाही धरली.

“मास्तर, इथंच गेली ती.”

मग तुम्ही सांगितलंत. तुमचा आवाज अगदी साधा होता. भोंगा झाला की तुम्ही साऱ्याजणी नदीवर उतरायचात, कारण केसांत, भुवयांत, लुगड्याच्या घडीघडीत रुईचे तंतू बसलेले, तसं घरी गेलं तर लेकरू खोकायचं. डाव्या हाताला उतार होता, तिथं तुम्ही धुवायचात. उजव्या हाताला झिरा. त्याला ना कठडा ना काही. त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत लांबला होता, पात्रातलं पाणी आणि झिऱ्यातलं पाणी एक झालेलं, वरून काही कळायचं नाही. ती हट्ट्याकडची. नवऱ्यानं टाकलेली, कुणाच्या तरी ओळखीनं आलेली, कामाला लागून तीन आठवडे झालेले. थंडी होती म्हणून ती पुढं पळाली आणि उजवीकडं गेली. तुम्ही म्हणालात, पोरगीच व्हती मास्तर. तिच्या माहेरचं, सासरचं कुणी आलं नाही. तुम्ही बायांनीच तिचं सगळं केलंत.

“अन् बॉयलरला दुसऱ्या दिवशी पाणी तिथूनच ओढलं.”

पुढच्या हंगामात पहिली रुई पडली तेव्हा तुम्ही आणि तुमच्या जोडीच्या शिरड शहापूरच्या सुंदराबाईंनी तिची वात केली आणि झिऱ्याच्या दगडावर दिवा लावला. नंतर साऱ्याच बाया यायला लागल्या. जिनिंग बंद पडेपर्यंत दर वर्षी. छोटे जब्बारभाई बापाचं बोट धरून बघत होते तो हाच दिवा.

“त्यो दिवा नदीचा न्हाई मास्तर. तिचा हाय.” आणि मग तुम्ही तिचं नाव सांगितलंत. “संध्याकाळी दिवे सोडाल तवा एकदा नाव घ्या तिचं. लई न्हाई, एकदा.”

माझ्या हातात वही होती, पेन उघडं होतं. मी म्हणालो, होय होय, नक्की. आणि मग मी तुम्हाला विचारलं की तेव्हा झिरा किती खोल होता. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, काय बघितलंत कोण जाणे, आणि दोन पुरुष म्हणालात. मी लिहून घेतलं. तेवढ्यात वर पाहुण्यांची गाडी आली, कुणीतरी मला हाका मारायला लागलं, आणि मी पळालो.

त्या दिवसाचं पान माझ्यासमोर आहे. रूळाची लांबी आहे, बॉयलरवरच्या पट्टीचा नंबर आहे, शाफ्टचा व्यास आहे. त्याच्याखाली ‘झिरा, दोन पुरुष खोल’. त्याच्याखाली पाहुण्यांना द्यायच्या शालींची आठवण. बस्स.

संध्याकाळी पाहुण्यांचं भाषण लांबलं. मग दिवे सोडायची वेळ आली. माइक माझ्याकडंच होता. मी तोंड उघडलं आणि नाव नव्हतं. सकाळी ऐकलेलं, दिवसभर कुठं होतं कुणास ठाऊक, गेलं होतं. तुम्ही बायकांच्या घोळक्यात बसला होतात, मान उंच करून. उठून तुमच्यापर्यंत यायला किती लागलं असतं? पन्नास पावलं. खाली वाकून विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं आणि मला माफही केलं असतं. पण मंचावर पाहुणे, कॅमेरे, पोरींच्या हातांत पेटत्या दिव्यांचे द्रोण. आणि खरं सांगू, मनात असंही आलं की एवढ्या आनंदात मरणाचं कशाला. मी म्हणालो, चला, आपल्या कयाधूला वंदन करू या. दिवे गेले. लोक वा वा म्हणाले. तुम्ही उठून, चपलेसारखे ते बूट हातात घेऊन, अनवाणीच निघून गेलात.

त्यानंतर आपण भांडलो ते मोंढ्यात. मी तुमची समजूत काढायला आलो होतो आणि हळदीच्या ढिगाशेजारी उकिडवा बसलो होतो. मी म्हणालो, धुरपताबाई, लोकांना आपल्या गावाचा अभिमान वाटावा म्हणून हे चाललंय, पहिल्याच वर्षी अपघाताचं काढलं तर लोक येणार नाहीत. तुम्ही निवडता निवडता म्हणालात की अभिमान आम्हाला काय कमी आहे का. जिनिंगचा भोंगा बंद पडला त्या आठवड्यात मला झोप लागली न्हाई म्हणालात. त्या रेच्यापुढं उभं राहूनच मिलिंदला शिकवला, माझ्या हातची रुई साहेब लोक तंतू ओढून बघायचे अन् खूश व्हायचे म्हणालात. मग हातातलं हळकुंड खाली ठेवलंत.

“तुमी एकेका मशीनीपुढं पाटी लावली. तिचं नाव, गाव, नंबर. बाईपुढं काहून न्हाई?”

मी चिडलो. म्हणालो, रजिस्टर कुठाय, बायांचा हजेरीला नुसता आकडा मांडायचे, नावं आणू कुठून. तुम्ही म्हणालात, एक तर आणलं व्हतं मी. त्यावर मी उठून गेलो. हे भांडण आपलं तसंच राहिलं. पुढं रस्त्यात भेटलो की तुम्ही हसून बोलायचात, घरी हळद पाठवायचात, पण ते भांडण दोघांच्या मध्ये असायचं, निदान मला तरी ते दिसायचं.

तेव्हाच नाव पुन्हा विचारायला हवं होतं. सोपं होतं. पण एकदा होय म्हटल्यावर, मी ऐकलं आणि सोडून दिलं हे कबूल करायचं कसं? माझ्यासारख्या माणसाला नट कुठला कुठं बसतो हे आयुष्यभर लक्षात राहतं, त्याला एका बाईचं नाव सकाळपासून संध्याकाळपर्यंत राहिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी ती झाकूनच ठेवली.

दुसऱ्या वर्षी तुम्ही काठी घेऊन आलात. थकला होतात. जब्बारभाईंनी खुर्ची दिली, “बैठो माँ,” म्हणाले, तर तुम्ही रेच्याशेजारी बसलात आणि आयटीआयच्या पोरींना हात दाखवत होतात. हात तसेच चालत होते. मी जवळून जात होतो तर तुम्ही मला खुणेनं बोलावलंत.

“मास्तर, त्या हट्ट्याच्या पोरीचं नाव सांगा बरं.”

वर्गात कॉपी करताना धरलेल्या पोराचा चेहरा मी शेकडो वेळा पाहिलाय, त्या दिवशी तो माझा झाला असणार. मला वाटलं, म्हातारी पक्की आहे, वर्षभर थांबली आणि बरोबर आजच्या दिवशी परीक्षा घेतली. मी चेहरा सरळ ठेवून म्हणालो, वहीत लिहून ठेवलंय ना मी, काळजी करू नका.

तुम्ही मान हलवलीत.

“बरं हाय मग. लिहून हाय तर बरं हाय.”

मी सुटलो असं वाटलं. संध्याकाळी दिव्यांच्या वेळी मी माइकवरून म्हणालो, या जिनिंगमध्ये राबलेल्या सर्व अनाम भगिनींना आपण हे दिवे अर्पण करू या. समितीला शब्द फार आवडला, नंतर एकानं मला पुन्हा म्हणून दाखवायला लावला. अनाम. तुमच्यासमोर मी तो शब्द उच्चारला, तुम्ही समोरच्या खुर्चीत होतात. तुम्ही बाकीच्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, चला, मिटलं. तुम्ही टाळ्या का वाजवल्या असतील, याचा विचार केला नाही.

सुंदराबाई गेल्या पावसाळ्यात गेल्या. त्या बायांपैकी मग तुम्ही एकट्याच राहिलात. मला ते कळलं तेव्हाही तुमच्याकडं यावंसं वाटलं. पोळा झाल्यावर जाऊ, दसरा झाल्यावर जाऊ. तुम्ही अंथरुणाला खिळलात असं मिलिंद म्हणाला तेव्हा एकदा आलो, तर तुम्ही झोपेत होतात. हात पांघरुणाबाहेर होते. पहिल्यांदाच ते पिवळे नव्हते. मी पाच मिनिटं बसलो आणि चहा न घेता निघालो.

तुम्ही गेल्यावर दहाव्या दिवशी मी हट्ट्याला गेलो. एसटीतून उतरून पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं, मग वस्तीत जाऊन विचारलं. एक अगदी वाकलेली आजी भेटली, तिनं सारं ऐकून घेतलं. ती म्हणाली, बाबा, आमच्या गावच्या लई बाया जिनिंगला गेल्या. कोणी तिकडंच राहिली, कोणी दुसरं घर केलं, कोणी मेली. परत न आलेली कोणती, ते मी कसं सांगू? नाव सांग, मग वळखते. मी नावच शोधायला आलोय म्हटल्यावर तिला माझी दया आली, चहा ठेवते म्हणाली. येताना बसमध्ये मी बायकांची नावं मनात म्हणत होतो. गंगा, पारू, चंद्रा, सखू, लक्ष्मी. एखाद्या नावाशी आतून काही हलेल असं वाटत होतं. प्रत्येक नाव बरोबर वाटायचं.

आणि काल मिलिंद आला. या वर्षीचा उत्सव तोंडावर आलाय, तुमचा फोटो ठेवायचा का विचारायला आला असेल असं मला वाटलं. तो बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला की सर, तुम्हाला एक सांगायचं राहिलं, आई मागच्या दोन वर्षांपासून विसरून राहिली होती. आधी भांडीकुंडी विसरायची. मग मला तिच्या भावाच्या नावानं हाक मारायला लागली, नातीचं नाव दिवसातून दहादा विचारायची. बाहेर कुणाला कळू देत नव्हती, हात चालतात तवर लोकायला काय कळतंय म्हणायची.

“पन ते बुडलेल्या बाईचं नाव गेलं ना सर, तवा लई रडली. मी म्हणलं, शिरडला सुंदरामावशीला सारं ठाऊक हाय, रविवारी घेऊन जातो तुला. गाडी सांगितली व्हती मी. मग ती तुमच्या कार्यक्रमाहून आली अन् म्हणली, नको रे, शिरडला जायचं काम न्हाई आता. मास्तरजवळ लिहून हाय. मी इसरली तरी चालतं.”

मिलिंद हे सांगताना हसत होता, धुरपताबाई. माझे आभार मानत होता. त्या दिवसापासून आई शांत झाली म्हणाला. या वर्षी दिवे सोडताना ते नाव मी घेतो सर, आईच्या बदल्यात, तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या. मी देतो म्हणालो. दाराबाहेर जाऊन त्यानं गाडीला किक मारली, मला हात केला, आणि मी पण हात केला.

तुम्ही माझी परीक्षा घेत नव्हतात. तुम्ही विचारत होतात. तुमच्या हातून ते नाव सुटत चाललं होतं आणि ते धरायला तुम्ही माझ्यापर्यंत काठी टेकत आला होतात. मी विसरलो एवढं मी म्हणालो असतो, तर तुम्हीही, मी बी इसरली, म्हणाला असतात. आपण दोघं जरा वेळ शरमलो असतो आणि रविवारी त्या गाडीत बसून शिरडला गेलो असतो. सुंदराबाई तेव्हा ओट्यावर बसून होत्या. पावसाळ्यापर्यंत होत्या.

उद्या सकाळी वर्कशॉपवर जाऊन मिलिंदला खरं सांगणार आहे. तो काय म्हणेल ते म्हणेल. दिव्यांच्या वेळी माइकवर मी सांगेन की या झिऱ्यात एक बाई बुडाली, तिला नाव होतं, धुरपताबाईंनी ते पन्नास वर्षं सांभाळलं आणि माझ्याकडं दिलं, आणि मी ते हरवलं.